तिसरं गृहीतक: हायडेलबर्गमधले पाच दिवस

पहिला दिवस

फ्रँकफर्टला विमान वेळेवर उतरलं. पुढचं सगळं उशिरा. मानहाइमला गाडी बदलायची होती, आणि फलाटावरचा बोर्ड दर पाच मिनिटांनी आणखी पाच मिनिटं वाढवून दाखवत होता. शेजारच्या आजोबांनी शांतपणे पेपर उघडला, त्यावरून ओळखलं की हे नेहमीचंच आहे. तासाभराच्या प्रवासाला अडीच तास लागले. हायडेलबर्गला उतरले तेव्हा साडेसात वाजून गेले होते, पण मे महिना असल्यामुळे उजेड अजून भर दुपारसारखा. ट्रामने बिस्मार्कप्लाट्झ, तिथून पुढे हाउप्टश्ट्रासे हा गावातला मुख्य रस्ता. दीड किलोमीटरहून लांब, गाड्यांना बंदी, खाली दगडी फरशी. त्या फरशीवरून चाकांची बॅग ओढत नेली की अख्ख्या गावाला कळतं, कुणीतरी आलं.

खोलीवर पोचते तोच आईचा फोन.

"पोचलीस का गं? ते नोबेलवाले भेटले का?"

"आई, गणिताला नोबेल नसतं."

"अगोबाई. मग एवढ्या लांब कशाला बोलावलं?"

तिचा घोटाळा होण्याला कारण आहे. हायडेलबर्ग आणि तरुण संशोधक म्हटलं की हायडेलबर्ग लॉरिएट फोरमचं नाव निघतं. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, क्लाउस चिरा, यांच्या पुढाकारातून २०१३ साली तो सुरू झाला. गणितातला आबेल पुरस्कार किंवा फील्ड्स पदक, संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळालेली मंडळी आणि जगभरातले दोनशे तरुण संशोधक सप्टेंबरात आठवडाभर या गावात एकत्र राहतात. आमची कार्यशाळा ती नव्हे. आम्ही छत्तीस जण, पदक कुणाच्याच गळ्यात नाही. फक्त चौथ्या दिवशी एक पॅनेल होणार होतं, ज्यात गणित आणि संगणकशास्त्राबाहेरचे तज्ज्ञ आमच्या कामाबद्दल आमच्याशी बोलणार होते. पत्रात याला 'चर्चा' म्हटलं होतं. जुन्या सहभागींनी मला सांगितलं होतं की तो शब्द सौम्य आहे.

माझं काम काय, ते इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. एखाद्याला मूत्रपिंड हवंय. घरातलं कुणी द्यायला तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही किंवा रुग्णाच्या शरीरात आधीच विरोधी प्रतिपिंडं आहेत. अशा जोड्या एकट्या-एकट्या अडकून पडतात. पण दोन-तीन जोड्या एकत्र आणल्या तर अदलाबदल करता येते: तुझ्या नवऱ्याचं माझ्या भावाला, माझं तुला. कुणाचं कुणाला चालेल याचा आलेख काढायचा. प्रत्येक जोडी एक बिंदू, प्रत्येक शक्य देणं एक बाण. मग त्यातून अशी चक्रं निवडायची की जास्तीत जास्त रुग्णांना मूत्रपिंड मिळेल. ही निवड करणारा प्रोग्राम बिनचूक आहे हे मी 'लीन' नावाच्या भाषेत सिद्ध करते. त्यात सिद्धतेची प्रत्येक पायरी संगणक तपासतो. एक पायरी जरी गाळली तरी तो पुढे सरकू देत नाही.

तीन वर्षं मी हेच करतेय. इथे येताना मनात एक गोड गर्व होता. बाकीच्यांचे प्रोग्राम चालतात. माझा चालतो हे सिद्ध झालंय.

दुसरा दिवस

सकाळी चार व्याख्यानं झाली. दोन चांगली, एक बरं, एक माझं.

दुपारी गणिताच्या इतिहासावर पीएचडी करणारी एक मुलगी आम्हाला गाव दाखवायला घेऊन गेली. हा तिचा आवडता उद्योग असावा, कारण किल्ला आणि वाइनचं ते प्रसिद्ध अवाढव्य पिंप तिनं "ते तुम्ही तुमचं बघा" म्हणून सोडून दिलं आणि आम्हाला थेट विद्यापीठाच्या चौकात उभं केलं.

हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ सालचं, आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं. चौकातली 'नवी' इमारत मात्र १९३०च्या आसपासची. दारावर कोरलंय: 'डेम लेबेंडिगेन गाइस्ट', जिवंत चैतन्याला अर्पण. नाझींच्या काळात त्यातला 'जिवंत' काढून 'जर्मन' घातला गेला; युद्धानंतर 'जिवंत' परत आला. आमच्यातल्या एकानं विचारलं, "फक्त एक शब्द बदलला?" ती म्हणाली, "व्याख्येत एकच शब्द बदलला की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला हवं का?"

मग तिनं गुंबेलची गोष्ट सांगितली. एमिल यूलिउस गुंबेल हा संख्याशास्त्रज्ञ. मला त्याचं नाव फक्त गुंबेल वितरणापुरतं माहीत होतं: नदीला दरवर्षी येणाऱ्या सर्वांत मोठ्या पुरांचे आकडे घेऊन 'शंभर वर्षांतून एकदा' येणारा पूर केवढा असेल याचा अंदाज बांधायला अभियंते वापरतात, ते. हा माणूस १९२३ पासून इथे शिकवत होता, आणि येण्याआधीच त्यानं वेगळीच मोजदाद छापली होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या चार वर्षांतले राजकीय खून. उजव्यांनी केलेले ३५४, डाव्यांनी केलेले २२. मग प्रत्येकात शिक्षा काय झाली. ३५४ पैकी ३२६ खुनांना शिक्षाच नाही. २२ पैकी शिक्षेविना सुटले ते चार. अवघड गणित काहीच नाही. दोन रकाने आणि बेरीज. पण खटल्यांची कागदपत्रं एकेक करून जमवायची, नावं-तारखा पडताळायच्या, आणि मग ते स्वतःच्या नावानं छापायचं.

विद्यार्थी त्याच्याविरुद्ध मोर्चे काढायचे. १९३२ साली एका भाषणात तो म्हणाला की युद्धाचं खरं स्मारक म्हणजे सलगमासारखा एखादा कंद. युद्धातल्या उपासमारीच्या हिवाळ्यात लोक तेच खाऊन जगले होते. त्यावरून विद्यापीठानं त्याचा शिकवण्याचा अधिकार काढून घेतला. तो फ्रान्सला गेला, तिथून १९४० मध्ये अमेरिकेला.

मी इथवर गुंबेलचं वितरण दोनदा वापरलं होतं. त्याचे हे रकाने मला कुणी दाखवले नव्हते.

परत येताना तिनं दुसरी गोष्ट सांगितली. ती गणितवाल्यांच्या घरातली, म्हणून आम्ही जरा हसत ऐकली. १९०४ च्या ऑगस्टमध्ये गणितज्ञांची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद याच गावात भरली. बुडापेस्टचे यूलिउस क्योनिग उभे राहिले आणि अनंत संचांचा सिद्धांत मांडणाऱ्या कँटर यांची सातत्याबद्दलची अटकळ (मोजसंख्यांचा अनंत आणि रेषेवरच्या बिंदूंचा अनंत यांच्या मधे तिसरा अनंत नाही) चुकीची असल्याची सिद्धता त्यांनी मांडली. कँटर स्वतः सभागृहात बसलेले, भयंकर अस्वस्थ. पुढे थोड्याच दिवसांत उलगडा झाला. क्योनिग यांची स्वतःची पायरी बरोबर होती. त्यांनी बर्नस्टाइन या गणितज्ञाचा एक निकाल उसना घेतला होता, आणि तो त्यांना जिथे हवा होता नेमका तिथेच लागू पडत नव्हता.

"उसनवारीत मेले," माझी ब्राझीलची रूममेट म्हणाली. मीही हसले. माझ्याकडे लीन होतं. उसना घेतलेला निकाल कुठल्या अटीवर लागू पडतो, ते तो विचारल्याशिवाय सोडत नाही.

रात्री जेवायला पांढरा शतावर, म्हणजे अ‍ॅस्परॅगस. मे महिन्यात या भागात शाकाहारी माणसाला दुसरं काही मिळू शकतं यावर माझा आता विश्वास उरलेला नाही.

तिसरा दिवस

सकाळी रशियन गणितज्ञ सोफिया कोव्हालेव्स्काया ज्या गावात शिकायला आली तिथे आपण आहोत म्हणून काहीजण उगाच हळवे झाले. १८६९ मध्ये तिला इथे रीतसर प्रवेश नव्हता. एकेका प्राध्यापकाची परवानगी काढून ती वर्गात बसायची. एवढं ऐकून आम्ही कॉफी घेतली आणि पुन्हा व्याख्यानांना गेलो. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखी आहे ती संध्याकाळ. पॅनेलसाठी आलेल्या तज्ज्ञांपैकी एक प्रत्यारोपण शल्यचिकित्सक होते. साठीकडे झुकलेले, उंच, जेवणाच्या टेबलावर सुरी ठेवतानासुद्धा सरळ रेषेत ठेवणारे. त्यांनी विचारलं, "नदीपलीकडे वर चढायचं का?" पलीकडच्या डोंगरावर 'फिलोसोफेनवेग', तत्त्वज्ञांची वाट आहे. तिकडे जायला जुन्या पुलाच्या टोकापासून 'श्लांगेनवेग', सापाची वाट. भिंतींमधून वळत-वळत जाणाऱ्या अरुंद पायऱ्या, दम काढणाऱ्या. तत्त्वज्ञान करायला माणूस वर पोचेपर्यंत प्रश्न एकच उरतो, बाक कुठे आहे.

बाकावर बसल्यावर समोर सगळं गाव. लालसर दगडाचा पडका किल्ला, खाली नेकार नदी, आणि संध्याकाळचं लांबलचक ऊन. त्यांनी माझ्या कामाबद्दल विचारलं. मी उत्साहात सांगायला लागले. अदलाबदल फक्त दोन-दोन जोड्यांत करायची तर प्रश्न सोपा: जॅक एडमंड्सनं १९६५ सालीच त्यावर जलद रीत दिली आहे. पण तीन जोड्यांच्या चक्राला परवानगी दिली की प्रश्न एनपी-कठीण होतो. म्हणजे सगळ्या याद्यांवर झटपट चालेल अशी रीत कुणालाच माहीत नाही, आणि ती असेल असंही फार थोड्यांना वाटतं. "आणि चार, पाच, कितीही जोड्यांची चक्रं चालतील असं म्हटलं, लांबीवर बंधनच ठेवलं नाही, तर गंमत म्हणजे प्रश्न पुन्हा सोपा होतो!"

ते ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्याकडे चार जोड्यांना आठ ऑपरेशन थिएटर लागतात."

"एका दिवशी कशाला? एकामागून एक..."

"एकाच वेळी. समजा, तुमच्या भावाला सकाळी मूत्रपिंड मिळालं. तुम्ही दुपारी द्यायचं होतं. दुपारी तुम्ही 'नको' म्हणालात. आता?"

मी गप्प.

"जबरदस्ती करता येत नाही. करार करून ठेवता येत नाही. भूल चढेपर्यंत कुणालाही नाही म्हणायचा हक्क आहे, आणि तो असलाच पाहिजे. म्हणून सगळ्यांना एकदम झोपवायचं. तीन जोड्या म्हणजे सहा थिएटर, सहा चमू. तुमचा तो 'तीन' हा आकडा आमच्या इमारतीच्या आकारातून आलाय."

तीन वर्षं मी तो तीन लिहीत होते. शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात "व्यावहारिक कारणांमुळे" असं लिहून पुढे गेले होते. त्या दोन शब्दांत कुणाचा तरी 'नाही' म्हणायचा हक्क होता.

मग मी त्यांना लॅपटॉपवर सिद्धता दाखवली. ओळी सरकवताना त्यांनी एका जुन्या फाइलमधल्या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय? सॉरी?"

लीनमध्ये खरंच असा शब्द आहे. एखादी पायरी अजून सिद्ध करायची राहिली असेल तर तिथे 'सॉरी' लिहायचं. संगणक इशारा देतो, पण तेवढ्यापुरतं मान्य करून पुढे जातो. काम संपल्यावर फाइलमध्ये एकही सॉरी उरता कामा नये. "माझ्या अंतिम फाइलमध्ये एकही नाही," मी सांगितलं.

"चांगलंय," ते म्हणाले. "आमच्याकडे तो शब्द शेवटीच लागतो, आणि बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगायचा असतो."

खाली उतरेपर्यंत आयोजकांचा निरोप आला होता. पॅनेलवर तरुण संशोधकांतर्फे बसणारा मुलगा तापानं आडवा झाला होता. विषय मूत्रपिंडांच्या अदलाबदलीचाच. तुझं काम तेच, तर तू बसशील का?

रात्री दोनपर्यंत स्लाइड बनवल्या. मग कळलं की पॅनेलमध्ये स्लाइड नसतात.

चौथा दिवस

मंचावर पाच खुर्च्या. डावीकडून एक तत्त्वज्ञ, त्या सूत्रधार. मग शल्यचिकित्सक. मग एक कायद्याच्या प्राध्यापिका, ज्यांचा विषय न्यायालयातले आकडे हा होता. मग इष्टतमीकरणातले, म्हणजे अनेक पर्यायांतून सर्वांत चांगला शोधण्याच्या गणितातले, एक ज्येष्ठ गणितज्ञ. टोकाला मी. तत्त्वज्ञ बाईंनी सुरुवातीलाच एक खेळ काढला: "इथे सगळे 'प्रूफ' हा शब्द वापरणार आहेत. प्रत्येकानं आपापल्या भाषेतला शब्द सांगा." त्या स्वतः जर्मन. म्हणाल्या, आमच्याकडे 'बेवाइस' एकच, गणिताचाही तोच आणि कोर्टाचाही तोच.

माझी पाळी आली तेव्हा लक्षात आलं की मराठीत आपल्याकडे हे वेगवेगळं आहे. गणिताच्या वर्गात सिद्धता. कोर्टात पुरावा. शास्त्रचर्चेत प्रमाण. आणि जुन्या गणितात उपपत्ती: १५४५ साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीवर जी टीका (भाष्य) लिहिली, तिची ख्याती अशा उपपत्तींसाठीच आहे. नियम काय ते भास्कराचार्यांनी सांगितलं होतं. तो का खरा, हे टीकेत आलं. मी एवढं सांगितल्यावर कायद्याच्या बाईंनी विचारलं, "मग तुमच्याकडे जे आहे, ते यातलं कोणतं?"

"सिद्धता," मी ठामपणे म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. तिथेच मला सावध व्हायला हवं होतं.

पहिला अर्धा तास बरा गेला. गणितज्ञांनी एनपी-कठीणतेबद्दल माझ्यापेक्षा कितीतरी सोपं करून सांगितलं. शल्यचिकित्सकांनी सांगितलं की संगणकानं जुळवलेल्या जोड्यांपैकी बऱ्याच शस्त्रक्रियेपर्यंत पोचतच नाहीत. शेवटच्या चाचणीत रुग्णाचं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करताना दिसतं, कुणी आजारी पडतं, कुणी माघार घेतं. आलेखातला बाण म्हणजे 'चालेल' नव्हे, 'चालेल असं कागदावर दिसतंय'. नेदरलँड्समध्ये २००४ पासून राष्ट्रीय पातळीवर अदलाबदल चालते; भारतात १९९४ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन जवळच्या नातेवाइकांच्या जोड्यांत तिला वाट मिळाली. तेवढं मला ठाऊक होतं, ते मी सांगितलं.

मग कायद्याच्या बाई बोलायला लागल्या, आणि त्यांनी मूत्रपिंडाचा विषयच काढला नाही. त्यांनी सॅली क्लार्कचा खटला सांगितला. इंग्लंडमधल्या या बाईंची दोन बाळं वर्षभराहून थोड्या जास्त अंतरानं अचानक दगावली. १९९९ साली आईवर खुनाचा आरोप सिद्ध झाला. साक्षीला आलेल्या बालरोगतज्ज्ञांनी, रॉय मेडो यांनी, आकडा दिला होता: अशा घरात एक बाळ अकस्मात दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन दगावण्याची शक्यता या आकड्याचा वर्ग, ७ कोटी ३० लाखांत एक.

"गुणाकार बरोबर आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"गुणाकार बरोबर. पण करायलाच नको होता. दोन मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच गुणायचं. एकाच घरातली भावंडं स्वतंत्र कशी असतील? आणि त्या आकड्याचा अर्थ 'आई निर्दोष असण्याची शक्यता' असाही होत नाही."

"अगदी बरोबर. हेच रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं २००१ मध्ये जाहीरपणे सांगितलं. बाई सुटल्या २००३ मध्ये. म्हणजे तीन वर्षांहून जास्त तुरुंगात." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्या सिद्धतेत 'स्वतंत्र आहेत' यासारखी किती वाक्यं आहेत?"

"गृहीतकं? सात."

"सांगता का?"

लीनमध्ये गृहीतकांना नावं द्यावी लागतात, आणि आम्ही आळशी लोक एच-१, एच-२, एच-३ अशी देतो. मला माझी सात गृहीतकं नावांनी पाठ होती. अर्थांनी नव्हती. एच-१: आलेख सांत, म्हणजे मर्यादित बिंदूंचा आहे. एच-२: कुणीही स्वतःलाच देत नाही. एच-३... एच-३ काय होतं? मंचावर, दिव्याखाली, दीडशे लोकांसमोर मला आठवेना. कार्यशाळेची छत्तीस डोकी होतीच, पण पॅनेल गावाला खुलं होतं आणि गाव आलं होतं.

"लॅपटॉप बघू का?" मी विचारलं. सभागृहात हशा पिकला, पण त्यात दुष्टपणा नव्हता. निदान मी तसं मानलं.

एच-३ होतं: रुग्णांची यादी चढत्या क्रमानं लावलेली आहे.

"हे निरुपद्रवी आहे," मी सांगितलं. "यादी क्रमानं असली की पुनरावृत्ती नाही हे पटकन दाखवता येतं. पुढच्या तीन पायऱ्या छोट्या होतात."

गणितज्ञ जरा पुढे सरकले. त्यांना काहीतरी दिसलं होतं. पण बोलला मागच्या रांगेतला एक मुलगा, बहुतेक पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा, कारण त्यानं हात वर करून परवानगीची वाट पाहिली. "समान आकाराची दोन उत्तरं असतील तर तुमचा प्रोग्राम कोणतं देतो?"

"पहिलं सापडेल ते."

"पहिलं म्हणजे यादीच्या क्रमानं?"

"...हो."

"यादी कशाच्या क्रमानं?"

"नोंदणी क्रमांकाच्या."

तेवढ्यात मला पुढचं सगळं दिसलं. त्या मुलाला पुढे काही विचारावंच लागलं नाही. जास्तीत जास्त, समजा, चाळीस रुग्णांना मूत्रपिंड मिळू शकतं. असे चाळीस निवडायचे मार्ग शेकडो असतात. माझी सिद्धता एवढंच म्हणते की एक्केचाळीस शक्य नाहीत. त्या शेकडोंतून कोणते चाळीस, यावर ती अवाक्षर काढत नाही. ते ठरवत होता एच-३. आणि ते दर वेळी एकाच बाजूनं ठरवत होता: ज्याचा क्रमांक आधी, तो आधी.

शल्यचिकित्सक माझ्या मदतीला आले. "आधी नोंदणी त्याला आधी, यात वाईट काय? रांग तर आहे."

"असू शकेल योग्य," कायद्याच्या बाई म्हणाल्या. "किंवा नसेल. ज्या रुग्णालयाचा कारकून कागद लवकर पाठवतो, तिथल्या रुग्णांना ते जास्त योग्य वाटेल. ओ रक्तगटाच्या माणसाला ओ गटाचाच दाता चालतो, त्यामुळे तो तसाही वर्षानुवर्षं अडकलेला असतो. त्याला काय वाटेल ते वेगळं. माझा प्रश्न एवढाच आहे की हे धोरण आहे. ते कुणी ठरवलं?"

याचं खरं उत्तर मला माहीत होतं. "मी," मी म्हटलं. "एका मंगळवारी. सिद्धता छोटी व्हावी म्हणून."

या वेळी कुणी हसलं नाही.

ज्येष्ठ गणितज्ञांनी शांतपणे सांगितलं की समान उत्तरांतून निवड हा त्यांच्या क्षेत्रातला जुना, नीट अभ्यासलेला प्रश्न आहे. मोठ्या योजनांत एकापाठोपाठ एक निकष लावतात: आधी एकूण संख्या, मग अवघड रुग्णांना किती मिळालं, मग आणखी काही, हे निकष समित्या ठरवतात आणि ते लिहिलेले असतात. किंवा उघडउघड चिठ्ठ्या टाकतात. "तिच्या प्रोग्राममध्ये चूक नाही," ते म्हणाले, "तिनं प्रश्न विचारला त्याचं उत्तर बरोबर आलं." हे त्यांनी माझ्या बाजूनं म्हटलं होतं. मला ते सगळ्यात जास्त लागलं.

तत्त्वज्ञ बाईंनी समारोपाला वेळच ठेवला नव्हता, याबद्दल त्यांचे आभार. कॉफीच्या वेळी कायद्याच्या बाई माझ्याकडे आल्या. मला वाटलं, सांत्वन. त्यांनी विचारलं, "एच-४ ते एच-७ काय होते? वाचायचे राहिले."

आम्ही दोघी पायऱ्यांवर बसून वाचत गेलो. दर ओळीला त्या एकच विचारत: हे खोटं निघालं तर सगळ्यात आधी कुणाला कळेल? एच-५ ला उत्तर होतं, मला. एच-६ ला, रुग्णालयाला. एच-३ ला मला उत्तर सापडलं नाही. तो खोटा निघायचा प्रश्नच नव्हता. तो खरा होता, म्हणून तर कुणालाच कळलं नसतं.

रात्री निरोपाचं जेवण. शतावर.

पाचवा दिवस

गाडी दुपारची होती. सकाळी एकटीच जुन्या पुलावर गेले. १७८४ च्या फेब्रुवारीत पूर आणि बर्फाच्या लाद्यांनी याच्या आधीचा पूल मोडून नेला; आत्ताचा दगडी पूल १७८८ मध्ये पुरा झाला. गावाकडच्या टोकाला ब्राँझचं माकड आहे, त्याच्यापाशी फोटोवाल्यांची रांग. त्यांना चुकवून खाली उतरलं की दगडावर पुराच्या खुणा कोरलेल्या दिसतात, सालासकट. १७८४ ची सर्वांत वर, माझ्या डोक्यापेक्षा बरीच उंच. बाकीच्या खाली गर्दी करून.

गुंबेलचं वितरण काढायला यापलीकडे काही लागत नाही: दर वर्षाची एक रेघ, आणि सालं. पण तिथेही एक गृहीतक आहेच, की नदी दरवर्षी तीच नदी आहे. वर बांध घातले, पात्र खोल केलं, पाऊस बदलला, तर जुन्या रेघा वेगळ्याच नदीच्या होतात. हे मला आदल्या आठवड्यात सुचलं नसतं असं नाही. पण मी ते तळटीपेत टाकलं असतं.

गाडी वेळेवर आली. इतक्या वेळेवर की फलाटावर धावावं लागलं. मानहाइमनंतर बसायला जागा मिळाली आणि लॅपटॉप उघडला. फाइल अकरा हजार ओळींची. एच-१ वर उजवी कळ दाबून नवं नाव दिलं: आलेख_सांत. लीन देवनागरी अक्षरं सरळ घेईना, म्हणून नाव अवतरणचिन्हांत कोंबावं लागलं. मग एच-२: स्वतःला_देत_नाही. प्रत्येक नाव बदललं की संगणक पहिल्यापासून सगळं तपासत बसायचा, पंखा घरघरायचा, आणि शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघायचे.

एच-३ ला आधी 'यादी_क्रमाने' लिहिलं. ते खोडलं. 'आधी_नोंदणी_आधी' लिहिलं. मग वाटलं, हे नाव देऊन तर मी तो नियम मान्यच करून टाकतेय. तेही खोडलं. नाव न बदलता त्या ओळीच्या वर एक टीप लिहिली: हा क्रम सिद्धतेच्या सोयीसाठी आहे, समान उत्तरांतून निवड यानं होते, निकष ठरवणारं कुणीतरी दुसरं हवं.

मग गृहीतकच काढून टाकून बघितलं. संगणकानं क्षणभर विचार केला आणि एकदम एकवीस ठिकाणी लाल रेघा उमटल्या. पहिल्या जागी मी 'सॉरी' लिहिलं. दुसऱ्या जागी लिहीत होते तेव्हा विमानतळ आला.